सौंदर्यस्पर्धेची विजेती कॉलेजात येणार असेल, तर आधी हे करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहा ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की कॉलेजांच्या समित्यांची धावपळ सुरू होते. 'तरुणाई आणि नैराश्य' असा विषय ठरतो, फ्लेक्स छापायला जातो आणि पाहुणी म्हणून एखाद्या सौंदर्यस्पर्धेची विजेती मिळते का, याची चाचपणी होते. ती मिळाली तर सभागृहात उभं राहायला जागा उरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या व्याख्यानाला मात्र हजेरीपत्रक फिरवून पहिल्या तीन रांगा भराव्या लागतात. त्यामुळे 'या मुकुटवाल्यांना काय कळतं डिप्रेशनमधलं' असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांत आम्ही, कॉलेजांत काम करणारे समुपदेशक आणि सोशल वर्कर, नाही. गर्दी जमवणं हेही कौशल्य आहे, आणि ते आमच्याकडे नाही. पण ती येण्याआधीच्या आणि ती गेल्यानंतरच्या चार-सहा आठवड्यांची सोय झालेली नसेल, तर हा कार्यक्रम कॉलेजानं करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. का, ते सविस्तर लिहितो.

सौंदर्यस्पर्धा आणि सामाजिक काम यांची जोडी जुनी आहे. मिस वर्ल्डनं १९७२ पासून ती स्पर्धेचाच भाग केली. विजेतीला वर्षभर एखादा विषय लावून धरायचा असतो, आणि अलीकडे तो विषय बऱ्याचदा मानसिक आरोग्य असतो. २०२३ ची मिस युनिव्हर्स, निकाराग्वाची शेनिस पलासिओस, हिनं स्पर्धेआधीपासून लोकांच्या मुलाखतींतून मानसिक आरोग्यावर दृक्‌श्राव्य उपक्रम चालवला होता. स्वतःला होणाऱ्या चिंतेच्या त्रासाबद्दलही ती बोलली. त्याच वर्षीची मिस यूएसए नोएलिया व्हॉइट हिनं मे २०२४ मध्ये मानसिक आरोग्याचं कारण देऊन मुकुटच परत केला.

आयोजकांनी सगळ्यात नीट समजून घ्यावं असं उदाहरण मात्र चेस्ली क्रिस्टचं. २०१९ ची मिस यूएसए. व्यवसायानं वकील, वेक फॉरेस्ट विद्यापीठातून कायदा आणि व्यवस्थापन अशा दोन्ही पदव्या, कैद्यांसाठी विनामूल्य वकिली, पुढे टीव्हीवर वार्ताहर. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्तानं, तिनं व्हिडिओतून सांगितलं होतं की मन ठीक ठेवण्यासाठी आपण केलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे समुपदेशकाशी बोलणं. काम संपलं की फोन बाजूला ठेवते, असंही ती म्हणाली होती. म्हणजे कार्यक्रमाच्या पाहुणीनं जे सांगावं असं आपण लिहून देऊ, ते सगळं तिनं सांगितलं होतं, आणि नुसतं सांगितलं नव्हतं तर केलंही होतं. ३० जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, आत्महत्येनं तिचा मृत्यू झाला. मुलगी नैराश्याशी झुंजत होती आणि अगदी शेवटच्या काळापर्यंत तिनं ते सगळ्यांपासून, माझ्यापासूनही लपवलं, असं तिच्या आईनं नंतर जाहीरपणे सांगितलं. आईनं त्या वेळी 'हाय-फंक्शनिंग डिप्रेशन' हा शब्द वापरला. निदानाच्या पुस्तकांत तो नाही, पण त्यातून काय म्हणायचं आहे ते स्पष्ट आहे: आजार आहे आणि कामही चोख चाललं आहे.

यावरून 'बोलून काही होत नाही' असा अर्थ काढणं चूक ठरेल. बोलण्यानं, उपचारानं बहुसंख्य लोक बरे होतात. आयोजकांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की चेहऱ्यावरून, गुणांवरून किंवा स्टेजवरच्या आत्मविश्वासावरून कोणाची प्रकृती ठरवता येत नाही. पाहुणीचीही नाही. आणि कॉलेजं नेमकं तेच करतात. 'लक्ष ठेवायची मुलं' अशी यादी बनते तेव्हा तिच्यात एटीकेटीवाले आणि गैरहजर राहणारे असतात. गॅदरिंगचं सूत्रसंचालन करणारी, पहिल्या पाचांतली मुलगी तिच्यात कधीच नसते.

मग पाहायचं काय? बदल पाहायचा. जर्नल वेळेवर येतं, पण ऑनलाइन सबमिशनची वेळ रोज पहाटे साडेतीन-पावणेचार. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना उत्तरं देणारा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, तीन आठवडे नुसता निळ्या टिका ठेवून गप्प. मेसचा डबा अर्धा परत. कबड्डीचा सराव बंद, कारण विचारलं तर 'मूड नाही'. या वयात नैराश्य बऱ्याचदा चिडचिडीतूनही दिसतं, हे पालकांना आणि बऱ्याच प्राध्यापकांनाही माहीत नसतं. ते 'उर्मट झालाय' म्हणून मोकळे होतात. मुलं स्वतःही 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाहीत. ती म्हणतात, 'डोकं बंद पडलंय', 'लो वाटतंय', 'नको वाटतंय सगळं'. ग्रामीण भागातल्या मुली डोकेदुखी, पोटदुखी, अंग जड झाल्याची तक्रार घेऊन आधी साध्या डॉक्टरकडे जातात, गोळ्या घेतात आणि परत येतात. आपल्या मराठी शब्दानंही थोडा घोळ घातला आहे. 'नैराश्य' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'निराशा' ऐकू येते, आणि निराशेवर आपल्याकडे ठरलेलं औषध आहे: पुढच्या वेळी जोर लाव. निकालानं निराश झालेला मुलगा चार दिवसांत मित्रांबरोबर वडापाव खायला बाहेर पडतो. आजारात दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहतं किंवा कशातच रस वाटत नाही. जोडीला झोप, भूक, एकाग्रता, ताकद, स्वतःबद्दलची किंमत यांतलं बरंच काही बिघडतं. नऊपैकी पाच लक्षणं, त्यांत पहिल्या दोनांपैकी एक असलंच पाहिजे, आणि रोजच्या जगण्यात अडथळा, असा निदानाचा ढोबळ हिशोब. स्टेजवरून हा फरक सांगितला नाही, तर कार्यक्रमानंतर निम्म्या सभागृहाला आपल्याला डिप्रेशन आहे असं वाटतं आणि ज्याला खरोखर आहे तो त्या गलक्यात हरवतो.

आता पाहुणीच्या भाषणाविषयी. ते आधी लिहून मागवा आणि समुपदेशकानं तिच्याबरोबर बसून, फोनवर का होईना, अर्धा तास ते वाचावं. यात अपमान काही नाही. तिच्या स्पर्धेत तिचं प्रत्येक उत्तर असंच घोटून घेतलेलं असतं, तिला याची सवय असते. काय काढायचं? आत्महत्येचा किंवा स्वतःला इजा करून घेण्याचा प्रकार, साधन, जागा, चिठ्ठीतला मजकूर, सगळं काढायचं. 'एका क्षणात सगळं संपवलं' किंवा 'तिची सुटका झाली' अशी वाक्यं काढायची. 'यशस्वी' आणि 'अयशस्वी' हे शब्द आत्महत्येला कधीच लावायचे नाहीत. 'मी पॉझिटिव्ह राहिले आणि बाहेर आले' हे वाक्य तर आधी काढायचं, कारण औषध घेणारी मुलगी ते ऐकून घरी जाते आणि गोळ्या बंद करते. काय घालायचं? नेमकं कोणाला पहिल्यांदा सांगितलं, त्या माणसानं काय म्हटलं, डॉक्टरकडे जायला किती दिवस लागले, पहिल्या भेटीत काय झालं, बरं वाटायला किती आठवडे लागले, मधे पुन्हा कधी बिघडलं. तिच्या दुःखाचं वर्णन दोन मिनिटं पुरे. मदत कशी मिळाली याला दहा मिनिटं द्या. हे प्रमाण नेहमी उलटं असतं. सभागृह रडलं म्हणजे कार्यक्रम झाला, असं आयोजकांना वाटतं. आमच्या कामाच्या दृष्टीनं रडलेलं सभागृह म्हणजे न मोजलेली जोखीम.

आणखी एक गोष्ट आयोजकांना आवडणार नाही. मानसिक आजाराबद्दलचा कलंक कमी करण्याच्या उपायांवरचे जगभरातले अभ्यास २०१२ मध्ये एकत्र करून तपासले गेले. प्रौढांमध्ये, आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष गाठ पडणं जास्त परिणामकारक ठरलं. किशोरवयीन मुलांमध्ये मात्र साधी, नीट शिकवलेली माहिती जास्त उपयोगी पडली. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांपुढे नुसती कहाणी पुरत नाही. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांतल्या अकरा हजारांवर मुलांबरोबर झालेला एक मोठा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांत मिळून पाचेक तास, मुलांनी स्वतः प्रसंग करून बघायचे, चर्चा करायची, असा तो कार्यक्रम होता. वर्षभरानं आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा निम्म्याच्या आसपास आलं. शिक्षकांना नुसतं त्रासातली मुलं 'ओळखायला' शिकवून तसा फरक पडला नाही. आपल्याकडे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात झालेल्या प्रयोगातही तेच: शाळेतला उपक्रम खास नेमलेल्या समुपदेशकांनी चालवला तिथे मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली, तोच उपक्रम शिक्षकांच्या अंगावर टाकला तिथे फरक दिसला नाही. शिक्षकांचा दोष नाही, त्यांच्याकडे निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सगळंच असतं. तेव्हा विजेतीचं भाषण ही त्या पाच तासांची पहिली पंधरा मिनिटं समजा. उरलेल्या पावणेपाच तासांच्या तारखा भाषणाच्या आधी वेळापत्रकात लिहिलेल्या हव्यात.

कार्यक्रमाचा दिवस. एकूण चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पंधरा मिनिटं पाहुणी; दहा मिनिटं समुपदेशक, आजार आणि उपचार यांवर; पाच मिनिटांत कॉलेजचा समुपदेशक, वसतिगृहाचे रेक्टर, दोन-तीन विश्वासातले प्राध्यापक यांना स्टेजवर उभं करून ओळख, म्हणजे मुलांना चेहरे कळतील; आणि उरलेली दहा मिनिटं प्रश्नांना. प्रश्न चिठ्ठीवरच. माइक फिरवू नका. माइक हातात आल्यावर एखादा मुलगा भरात येऊन स्वतःचं असं काही बोलून जातो, जे त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात परत घेता येत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी हसतं, कोणीतरी चित्रण करतं, आणि रात्री ते ग्रुपवर असतं. 'कोणाकोणाला असं वाटलंय, हात वर करा', हेही तितकंच वाईट.

चिठ्ठी मात्र प्रत्येकाला द्या, प्रश्न असो वा नसो, आणि प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच, 'प्रश्न नाही' एवढं तरी. सगळे लिहीत असले की लिहिणारा उघडा पडत नाही. चिठ्ठीच्या खाली एक रेघ: 'मला कोणाशी तरी बोलायचं आहे', पुढे मोबाइल नंबर, ऐच्छिक. घडी घालून बंद पेटीत. ती पेटी दोन माणसांनी त्याच दिवशी, कॉलेज सुटायच्या आत उघडायची, आणि नंबर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच संध्याकाळी फोन जायचा. आमच्या अंदाजानं पाचशे मुलांच्या सभागृहामागे चार तरी प्रशिक्षित माणसं त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मोकळी ठेवावी लागतात. एवढी माणसं स्वतःकडे नसतील, तर शेजारच्या कॉलेजांतून, समाजकार्य महाविद्यालयातून किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मागा. पथक जिल्हा रुग्णालयात असतं, पत्र तीन-चार आठवडे आधी द्यावं लागतं. माणसं मिळणार नसतील तर वर्गावर्गात जा, एका वेळी साठ मुलं घ्या. पेटी सोमवारपर्यंत प्राचार्यांच्या कपाटात राहणार असेल, तर ती ठेवूच नका.

सभागृहापासून जवळ, पण सभागृहाच्या दारातून दिसणार नाही अशी एक शांत खोली लागते. दोन खुर्च्या काटकोनात, पाणी, टिश्यूचा डबा, आतून कडी नसलेलं दार. फोटोग्राफर तिकडे फिरकणार नाही, हे त्याला आधीच बजावून ठेवा. समुपदेशन कक्ष बहुतेक कॉलेजांत प्राचार्यांच्या केबिनला लागून असतो. तिथे जाणारा प्रत्येक मुलगा शिपायापासून क्लार्कपर्यंत सगळ्यांना दिसतो, आणि मग कक्ष रिकामा राहतो म्हणून समुपदेशकाचं पद अनावश्यक ठरतं. आणि हो, पाहुणीबरोबर सेल्फीची रांग लागतेच. ती रांग शांत खोलीच्या विरुद्ध दिशेला लावा.

काही कॉलेजं उत्साहानं सभागृहातच पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली वाटतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज शून्य ते सत्तावीस. ती मोफत आहे. पाच, दहा, पंधरा, वीस या टप्प्यांवर तीव्रता वाढते आणि बेरीज दहा किंवा जास्त आली तर पुढची तपासणी करायची. साधन चांगलं आहे, वाटण्याची पद्धत चुकते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, तर बेरीज चार असली तरी त्या मुलाशी त्याच दिवशी समोरासमोर बोलावं लागतं. पाचशे कागद गोळा करून 'विश्लेषणासाठी' मानसशास्त्र विभागाकडे पाठवले आणि ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी दोन महिन्यांनी उघडले, याला निष्काळजीपणाशिवाय दुसरा शब्द नाही. जेवढे कागद त्या दिवशी वाचता येतील तेवढेच वाटा. प्रश्नावलीनं निदान होत नाही, हेही कागदावरच छापा.

समोर बसलेल्या मुलाला आत्महत्येबद्दल सरळ विचारायला प्राध्यापक घाबरतात, 'आपणच डोक्यात घालू' म्हणून. ही भीती तपासून झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. विचारल्यानं त्रास किंवा विचार वाढले नाहीत, आणि आधीच त्रासात असलेल्या मुलांना उलट थोडं हलकं वाटलं. विचारायचं साध्या मराठीत: 'इतकं नकोसं होतं तेव्हा जीव द्यावा असं मनात येतं का?' 'वेडावाकडा विचार तर नाही ना करत?' असं नाही. त्या 'ना'मध्येच उत्तर दिलेलं असतं. होय म्हणाला, तर पुढे: कधीपासून, काही ठरवलं आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, आत्ता घरी किंवा खोलीवर कोण आहे. ठरवलं आहे असं कळलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, बसस्टॉपपर्यंतही नाही. पालक किंवा जबाबदार नातेवाईक येईपर्यंत कोणीतरी जवळ बसायचं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्यायचं. घरच्यांना औषधं आणि शेतावरची कीटकनाशकं कुलपात ठेवून किल्ली स्वतःकडे ठेवायला सांगायचं. हे सांगताना संकोच करू नका. अनावर लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते आणि त्या काळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं.

'हे मी कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, पण जिवाला धोका असेल तिथे अपवादही ठेवतो. पहिल्याच मिनिटाला हे सांगितलं, तर मुलं समजून घेतात. नंतर सांगितलं, तर विश्वासघात वाटतो. अठरा वर्षांखालच्या मुलानं किंवा मुलीनं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग सांगणाऱ्याची तशी इच्छा असो वा नसो. कनिष्ठ महाविद्यालयांत हा प्रसंग येतो आणि तयारी नसली की सगळे एकमेकांकडे बघतात. प्रयत्नातून वाचलेल्या मुलाला रुग्णालयात न्यायला 'पोलिस केस होईल' म्हणून उशीर करू नका. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरतं, शिक्षा करत नाही. आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही.

पालक येतात तेव्हा पहिला प्रश्न 'गोळ्या चालू करणार का?' असतो. कोणाकडे जायचं हे आधी सांगा: औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट; क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासण्या आणि मानसोपचार करतात, औषध देत नाहीत; समुपदेशक सौम्य त्रासात सोबत करतो आणि कधी पुढे पाठवायचं ते ओळखतो. सौम्य आजारात सुरुवातीला औषधांशिवाय भागू शकतं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना मदत केल्याचा अभ्यास २०१७ चा आहे, तो प्रौढांवरचा. त्याचं तंत्र साधं: मूड यायची वाट न बघता छोटी, वेळ ठरलेली कृती आधी करायची, मूड मागून येतो. औषध दिलं, तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात येते. मुलं नेमकी तिथे औषध सोडतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढतात का, यावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून पहिली फेरतपासणी एक-दोन आठवड्यांत. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालतं आणि ते डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवायचं असतं. सवय लागते, ही भीती झोपेच्या गोळ्यांवरून इकडे चिकटली आहे.

तारखेबद्दल. दहा ऑक्टोबर ही कॉलेजसाठी सगळ्यात गैरसोयीची तारीख. लगेच सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. ज्या मुलीनं त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं, ती पंधरा दिवसांत गावी जाते आणि कंत्राटी समुपदेशकाचा करारही बऱ्याच ठिकाणी सुट्टीत थांबतो. विजेतीला जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये बोलवा, पुढे सलग दहा आठवडे मिळतात. निकालांच्या मे-जूनमध्ये समुपदेशक उपलब्ध राहील अशी तजवीज तर फ्लेक्सच्या खर्चात होते.

हे सगळं आता मर्जीचं राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे आणि हेल्पलाइनचे नंबर ठळकपणे लावायचे आहेत. कोचिंग क्लासही यात आले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला आहे, १,७६४. ज्या संस्थेनं समुपदेशक नेमलेला नाही, तिनं विजेतीच्या मानधनाचं बिल मंजूर करण्याआधी ही जागा भरावी.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. व्हिएन्नातल्या वृत्तपत्रांनी १९८७ पासून भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या देण्याची रीत बदलली आणि तिथल्या घटना लक्षणीय घटल्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या २०१९ च्या सूचनांतही तेच आहे: मथळा सनसनाटी नको, प्रकार नको, जागा नको. विजेतीच्या कार्यक्रमाची बातमी लावाल तेव्हा 'मीही मरणार होते' असं अवतरण मोठ्या टायपात येऊ नये. ती कोणाकडे गेली आणि काय झालं, ते यावं. आणि शेवटी हेल्पलाइनचा नंबर.

तो नंबर टेली-मानसचा, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. न लागल्यास १८००-८९१-४४१६. अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८ही आहे. छापण्याआधी टेली-मानसचा नंबर एकदा स्वतः लावून बघा, भाषा निवडायला कोणता आकडा दाबायचा ते लिहून घ्या आणि तेही छापा. कागद मुख्य सूचनाफलकावर तर लावाच, पण स्वच्छतागृहांच्या दारांना आतल्या बाजूनंही लावा, डोळ्यांच्या उंचीवर. तिथे उभं राहून वाचणाऱ्याला कोणी बघत नाही.

आपले,
महाविद्यालयांत काम करणारे काही समुपदेशक आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर, पुणे